ॲक्सल माझ्या हातचा

लेथवाल्याकडे कोणी रिकाम्या हातानं येत नाही. देवगाव फाट्यावर मी छत्तीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी नेहमी त्याचे हात बघितले. पोत्यात गुंडाळलेला मळणीयंत्राचा शाफ्ट असला की माणूस घाईत असणार. पंपाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, असला की माणूस बेजार असणार. बैलगाडीचा आस असला की माणूस म्हातारा असणार आणि चहा पिऊनच जाणार. मोडलेलं, झिजलेलं, वाकलेलं लोखंड माझ्याकडे यायचं. म्हणून एका उन्हाळ्यात एक मुलगा आणि एक मुलगी काहीही मोडलेलं न घेता दुकानात शिरली, तेव्हा मला वाटलं, ही पत्ता विचारायला आली असतील.

मुलीनं पाठीवरच्या पिशवीतून चौकड्यांची वही काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. त्यात एका दांड्याचं चित्र होतं. मापं नीट टाकलेली, खाचा दाखवलेल्या.

"काका, असा ॲक्सल करून मिळंल का?"

"कशाचा मोडलाय?"

"मोडला न्हाई. नवीनच करायचाय. गाडीचा."

"कोणत्या गाडीचा?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग मुलगा म्हणाला, "ती गाडी अजून न्हाई. आमी करायलाव."

मुलगी सुजाता खिल्लारे. चारठाण्याच्या शाळेतल्या खिल्लारे गुरुजींची धाकटी. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होती. मुलगा गजानन, त्याच गावचा, शेतकऱ्याचा पोरगा, आयटीआयला जायचा. त्यांनी मोबाइलवर गो-कार्टच्या शर्यती बघितल्या होत्या आणि आपणही एक गाडी करायची असं डोक्यात घेतलं होतं. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि खरं सांगायचं तर त्यांना वाटेला लावायच्या विचारात होतो. पण वहीतलं चित्र बघत बसलो आणि चहा निवून गेला. इतकं स्वच्छ काम कागदावरसुद्धा माझ्याकडे कधी आलं नव्हतं. लोक मला हातानं दाखवायचे, 'एवढं जाड आणि एवढं लांब.'

ज्यांनी गो-कार्ट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार छोटी चाकं, पाइपांची चौकट, एक खुर्ची, एक इंजिन. स्प्रिंग नाही, गिअर नाही, छत नाही. जमिनीपासून दोन बोटं उंच. माणूस बसतो तो जवळजवळ रस्त्यावरच बसतो, त्यामुळं तीसचा वेग त्याला नव्वदचा वाटतो. आणि मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात, तो हा ॲक्सल. मोटारीचं तसं नसतं. मोटार वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी, आणि ती सोय आत केलेली असते. कार्टला ती सोय नाही. मग वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी वळते, नाहीतर सरळ जाते. म्हणजे सगळा भार त्या एका दांड्यावर. इंजिनचा जोर त्याच्यावर, ब्रेकचा जोर त्याच्यावर, बसणाऱ्याचा जीवही त्याच्यावर. हे मला सुजातानं समजावून सांगितलं. मी लेथवर मुरलेला टर्नर, आणि मान हलवत ऐकत होतो.

गाडी माझ्याच दुकानामागं तयार झाली. चौकट मी जोडून दिली. चाकं भंगारातल्या स्कूटरची. स्टेअरिंग एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं, परातीएवढं, ते धरलं की सुजाता त्याच्यामागं दिसेनाशी व्हायची. ब्रेक मोटारसायकलचा. इंजिन गजाननने आणलं. कालव्यातून पाणी उपसायचं पेट्रोलचं छोटं इंजिन, हिरव्या रंगाचं, चांगल्या चालीतलं. कुठून आणलं, असं मी विचारलं नाही. तिथंच चुकलो.

चालवून बघायला जागा पाहिजे होती. आमच्या भागात सपाट जमीन हवी तेवढी, पण ती काळी, भेगाळलेली. फाट्यापासून जवळच एक जिनिंग आहे. कापसाचा हंगाम संपला की तिचं भलंमोठं काँक्रीटचं पटांगण उन्हाळाभर रिकामं पडतं. तिथले मॅनेजर माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "खुशाल फिरवा. फक्त सरकीच्या ढिगाला आग लावू नका."

पहिल्या दिवशी सुजाता डोक्याला हेल्मेट बांधून बसली. मी, गजानन, मॅनेजर आणि जिनिंगचे तीन-चार हमाल गाडीच्या मागं उभे राहिलो, कारण पुढं उभं राहणं धोक्याचं असं आम्ही शहाण्यांनी ठरवलं होतं. गजाननने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. सुजातानं पाय दाबला आणि गाडी सुसाट निघाली. मागं.

सुजाता पुढं बघत होती आणि गाडी आमच्या अंगावर येत होती. हमाल पांगले. मॅनेजर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, एका उडीत सरकीच्या ढिगावर चढले. मी खाली पडलो. गाडी माझ्या चपलेवरून गेली आणि ढिगात मागच्या बाजूनं रुतून बसली. सरकी सुजाताच्या डोक्यावर ओतली गेली. इंजिन बंद पडल्यावर ढिगाच्या आतून तिचा आवाज आला.

"गजा, इंजिन उलटं बसवलंस रे!"

इंजिन एकाच दिशेनं फिरतं. ते या बाजूऐवजी त्या बाजूला तोंड करून बसवलं की चाकं उलटी फिरणार, इतकी साधी गोष्ट. आम्हा तिघांत दोन शिकलेले आणि एक मिस्त्री, आणि कोणाच्याच लक्षात आली नाही. मॅनेजर ढिगावरून उतरेपर्यंत हसत होते. ते हसले म्हणून पुढं सगळं झालं. ते चिडले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

गाडी सरळ पळायला लागल्यावर बातमी पसरली. कोणीतरी मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण सेलू, मानवत, पाथरीपर्यंत गेलं. पुढचा महिनाभर माझ्या दुकानात रोज कोणी ना कोणी पोरं वही घेऊन यायची. काही मोठी माणसंही आली. जिंतूरकडचे एक शेतकरी रानडुकरं हाकलायला कार्ट पाहिजे म्हणून आले. मी त्यांना सांगितलं, "पाटील, ही दोन बोटं उंच असती. पहिल्या ढेकळाला बसंल."

त्यांनी बराच विचार केला. "मग नुसता आवाज द्या."

त्यांना मी एक फुटका सायलेन्सर दिला. तो त्यांच्या शेतातल्या इंजिनाला बसवल्यावर डुकरं गेली की नाही ते कळलं नाही, पण शेजारी भांडायला आल्याचं कळलं.

पाच गाड्या झाल्या तेव्हा शर्यत ठरली. पटांगणाच्या कडेला काय लावायचं, असा प्रश्न आला. मॅनेजर म्हणाले, कापसाच्या गाठी लावू. बाहेरच्या माणसाला वाटतं, कापूस म्हणजे मऊ. यंत्रात दाबलेली गाठ दगडासारखी असते, तिच्यावर आपटलं तर डोकं फुटेल. म्हणून आम्ही पोत्यांत कवडी, म्हणजे किडका टाकाऊ कापूस सैल भरला आणि वळणांवर पोती रचली. या एका गोष्टीबद्दल मला आजही स्वतःची पाठ थोपटावीशी वाटते. झेंडा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. झेंडा म्हणजे लेथ पुसायचं लाल फडकं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात गजाननचे वडील मारोतराव दुकानात आले.

"शेषराव, झालं का माझं इंजिन?"

माझ्या मागंच, भिंतीपलीकडं, त्यांचं इंजिन गाडीवर बसलेलं होतं.

"पोरगा म्हणला, शेषरावकडं दुरुस्तीला टाकलंय. महिना उलटून गेला. माझा भुईमूग वाळायलाय."

"एक पार्ट यायचाय," मी म्हणालो. जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नव्हतो असं म्हणणार नाही, सगळेच मिस्त्री 'उद्या या' म्हणतात. पण हे निव्वळ खोटं होतं आणि माझे कान गरम झाले. संध्याकाळी मी गजाननला धरलं. तो रडकुंडीला आला. "काका, एवढी शर्यत होऊ द्या. मी रोज घागरीनं पाणी घालतो." घागरीनं एकरभर भुईमूग! पण मीही गप्प बसलो. गाडी पळताना बघायची मलाच हौस होती.

शर्यतीच्या दिवशी पाचशे-सहाशे माणसं जमली असतील. दहा फेऱ्या. तिसऱ्या फेरीला मला फाटकातून मारोतराव आत येताना दिसले. ते मोंढ्याच्या बाजाराला चालले होते. रस्त्यावरून जाताना पाच इंजिनांच्या गोंगाटात त्यांनी स्वतःच्या इंजिनाचा आवाज ओळखला होता. ते तडक माझ्यापाशी आले.

"पार्ट आला व्हय?"

मी झेंडा हातात धरून उभा.

"थांबवा ती गाडी. आत्ताच्या आत्ता पाना द्या मला."

"दादा, मधीच कसं थांबवू? मागून चार गाड्या येत्यात."

तेवढ्यात सुजाता समोरून गेली. दुसऱ्या नंबरवर होती, पण इंजिन अडखळत होतं, फटफट करून धूर सोडत होतं. मारोतरावांनी कान टवकारले. त्यांचा चेहराच बदलला.

"चोक लागलेला ऱ्हायलाय त्याचा! कोण हाय ती पोरगी? तिला सांगा की!"

पुढच्या फेरीला ते पोत्यांवर चढून दोन्ही हात हलवत ओरडले, "चोक काढ, चोक! डाव्या अंगाला!" सुजातानं ऐकलं की नाही देव जाणे, पण तिचा हात मागं गेला, धूर थांबला आणि गाडी जी सुटली ती मानवतच्या गाडीला सरळपट्टीवर मागं टाकूनच. मारोतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली. पहिला नंबर आला. गजानन बापाला बघून पोत्यांमागं लपला होता, त्याला त्यांनी कानाला धरून बाहेर काढलं. त्याच पोराकडून इंजिन सोडवून घेतलं, गरम इंजिन पोत्यात गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. जाताना म्हणाले, "रविवारी न्या. कालव्याला पाणी सुटायच्या दिवशी मात्र न्हाई."

आता मला ज्याचा अजून त्रास होतो ते सांगायचं.

पुढच्या उन्हाळ्यात नऊ गाड्या होत्या. नऊच्या नऊ ॲक्सल माझ्याकडे. शिवाय हळदीच्या यंत्रांची कामं, मळणीची कामं. चांगलं पोलाद आठ ॲक्सलला पुरलं. नववा राहिला तो सुजाताचा. तिचा जुना ॲक्सल वाकला होता. शर्यत दोन दिवसांवर. भंगारात एक जुना शाफ्ट पडला होता, एका मोडलेल्या यंत्रातला. मी तोच लेथवर मापाला उतरवला, गुळगुळीत केला. वरून नव्यासारखा चकाकत होता. त्यात साखळीची चकती बसवायची खाच कापली तीही घाईत, कोपरे चौकोनी ठेवून. कोपरे जरा गोल ठेवावे लागतात, कारण लोखंड फाटायला लागतं ते अशा धारदार कोपऱ्यातूनच. हे मला काम शिकताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी मनात म्हणालो, घरचीच पोरं आहेत, चालवून घेतील. परक्या गिऱ्हाइकाला मी तो दांडा कधीच दिला नसता.

चौथ्या फेरीला, मोठ्या वळणावर, ॲक्सल तुटला. कडाड आवाज झाला आणि मागचं चाक सुटून पटांगणभर गडगडत गेलं. लोक बाजूला झाले, कोणाला लागलं नाही. गाडी फिरली, पोत्यांवर आदळली आणि कलंडली. सुजाता उठून बसली, पण डावा हात वर होईना. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. गुरुजी तिला जीपमध्ये घालून परभणीला घेऊन गेले. जाताना ते माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "येतो."

गाडी उचलायला मी गेलो. माझ्याभोवती लोक बोलत होते.

"वळण चुकलं तिचं."

"पोरीच्या जातीला कशाला पाहिजे असलं?"

"गुरुजीनं लय लाडावून ठेवलंय."

मी तुटलेला दांडा हातात घेतला. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग ताजा, चकचकीत होता. आणि अर्धा काळपट, गंजलेला. म्हणजे चीर जुनीच होती. तो दांडा माझ्याकडे आला तेव्हाच अर्धा मेलेला होता, आणि उरलेल्याला माझ्या चौकोनी कोपऱ्यानं संपवलं होतं. हे तिथं फक्त मला वाचता येत होतं. मी दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत टाकले. कोणी विचारलं नाही.

पाच दिवस ती पिशवी दुकानात खिळ्याला लटकत होती. भंगारवाला आला आणि गेला. बायकोनं दोनदा विचारलं, "बरं न्हाई का?" सहाव्या दिवशी गजानन सांगून गेला की सुजाता परत गाडीत बसणार नाही म्हणते. "तिला वाटायलंय, तिनंच वळण उशिरा घेतलं. लोकायचं ऐकून तिलाबी तसंच वाटायलंय."

मी पिशवी घेतली आणि चारठाण्याची गाडी पकडली.

गुरुजींच्या घरी सुजाता पलंगावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मी फडकं सोडून दोन्ही तुकडे समोरच्या स्टुलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. भंगारातला शाफ्ट, घाई, कोपरा, 'घरचीच पोरं'. मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोललो.

गुरुजी खाली बघत होते. सुजातानं उजव्या हातानं एक तुकडा उचलला, खिडकीकडं धरला, बराच वेळ न्याहाळला.

"म्हणजे काका, मी वळण बरोबर घेतलं होतं?"

"बरोबर घेतलं होतंस. दांडा चांगला असता तर निघून गेली असतीस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसायलाच लागली, आणि हसताना हाड दुखून 'आई गं' म्हणाली. मग पुन्हा हसली.

गुरुजी मात्र हसले नाहीत. "शेषराव, तुम्ही आमच्या घरी येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. पण घरात कोणी तिला नावं ठेवली नव्हती. जिथं ठेवली तिथं सांगाल का?"

मी म्हणालो, "सांगतो." फाट्यावर परत येईपर्यंत सगळी वाट मी त्या शब्दाला पस्तावत होतो.

शर्यत अर्धवट राहिली होती, ती पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवली. गर्दी आधीइतकीच. मी मॅनेजरकडून माइक घेतला. ज्यांच्या मशिनी मी जन्मभर दुरुस्त केल्या ते सगळे समोर होते. तुकडे वर धरून मी म्हणालो, ॲक्सल माझ्या हातचा होता. तो खराब होता. पोरीची काही चूक नव्हती. एवढीच तीन वाक्यं.

मग गर्दीतून मारोतरावांचा आवाज आला. "शेषराव, माझ्या पंपाचा शाफ्टबी तुमीच केलाय. काढून बघावा का?"

सगळं पटांगण हसलं. मी पण हसलो, डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी खरंच दोघं-तिघं आपापले शाफ्ट घेऊन आले. मी प्रत्येकाचा तपासून दिला, आणि कार्टचे उरलेले आठही ॲक्सल काढायला लावून तपासले. चांगले निघाले. तपासायची रीत साधी आहे. दांड्याला रॉकेल लावायचं, कोरडा पुसायचा आणि वरून खडू फासायचा. कुठं चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. त्या दिवसापासून आमच्या पटांगणात खडू लावल्याशिवाय एकही गाडी सुटली नाही. खडूचा डबा गुरुजी शाळेजवळच्या दुकानातून स्वतः विकत आणायचे आणि माझ्या शेजारी उभे राहून एकेक दांडा पांढरा करायचे. त्यांचा पांढरा शर्ट रॉकेलनं खराब व्हायचा.

आता मी लेथ बंद केली आहे. डोळे साथ देत नाहीत, आणि आमच्या कामात डोळ्यांना केसाएवढं अंतर दिसावं लागतं. जिनिंगमध्ये अजून शर्यती होतात. बॅटरीवरच्या गाड्या आल्यात, त्यांना आवाजच नाही. मारोतराव येतात आणि वैतागून परत जातात. म्हणतात, काय ऐकायचं? गजाननचं सेलूला स्वतःचं गॅरेज आहे. सुजाता संभाजीनगरला एका कारखान्यात गाड्यांची चाचणी घेण्याच्या कामावर आहे.

पण ती परत बसली तो दिवस सांगायचा राहिला. हाड जुळल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात. नवा ॲक्सल मी आठवडाभर घेऊन केला. चांगलं पोलाद, कोपरे गोल. खडू गुरुजींनी लावला, एकदा नाही, तीनदा. मी झेंडा खाली केला आणि शर्यतीकडे बघितलंच नाही, फक्त मोठ्या वळणाकडे बघत राहिलो. दहा वेळा ती त्या वळणावर आली. दहाही वेळा तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. दुसरा नंबर आला, मानवतच्या पोरानं एका चाकाच्या अंतरानं हरवलं.

ती गाडीतून उतरली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, म्हणून मी मनात उत्तर जुळवत उभा होतो. तिनं हेल्मेट काढलं, घामानं चिकटलेले केस मागं सारले आणि माझ्यावर डाफरली.

"काका, स्टेअरिंग डावीकडं ओढायलंय. बुश ढिला केलाय तुमी. म्हणून गेला नंबर."

"ढिला न्हाई. मी स्वतः बसवलाय."

"हात लावून बघा."

मी गुडघे टेकून खाली बसलो आणि हात घातला. बुश ढिला होता.